कातळाशी सूत जुळवताना: प्रस्तरारोहण नव्याने शिकणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रात प्रस्तरारोहणाकडे येणारे बहुतेक जण ट्रेकच्या वाटेने येतात. हरिहरच्या उभ्या पायऱ्या चढताना दोन्ही बाजूंच्या खोबण्यांत बोटं रोवली जातात. ढाकच्या बहिरीला जाताना कड्याला बिलगून आडवं सरकावं लागतं. अलंग-मदनला रॉक पॅच म्हणजे उभ्या कातळाचा टप्पा येतो आणि तिथे कोणीतरी दोर लावून सगळ्यांना वर घेतं. वर पोचलेल्यांत दोन प्रकारची माणसं दिसतात. एकाला सुटल्यासारखं वाटतं. दुसरा परत त्या पॅचच्या वरच्या टोकाशी येतो आणि आपला पाय नेमका कुठे होता ते खाली वाकून शोधतो. हा लेख त्या दुसऱ्यासाठी आहे. पहिल्यानेही वाचावा, कारण त्याची भीती अनेकदा चुकीच्या सुरुवातीतून आलेली असते आणि सुरुवात बदलता येते.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की या खेळाची ओढ उंचीमुळे लागते. माझं मत अगदी वेगळं आहे. ही गोडी पायांमुळे लागते. जिथे पाय ठेवायला काहीच नाही असं वाटत होतं तिथे पाय टिकला, वजन गेलं, शरीर वर उठलं: हे एकदा घडलं की माणूस परत येतोच. त्यासाठी पन्नास मीटरचा सुळका लागत नाही, दोन मीटरचा दगड पुरतो. पुढे जे सांगितलं आहे त्याचा क्रम याच समजुतीवर बेतलेला आहे.

सुरुवात कुठे करायची आणि कुठे नाही

तीन जागा आहेत. शहरातली कृत्रिम भिंत, जमिनीलगतचे मोठे दगड म्हणजे बोल्डर, आणि एखाद्या गिर्यारोहण संस्थेचा सरावाचा कातळ. मुंबईत गिरिविहारसारखी १९५४ सालापासूनची संस्था आहे, पुण्यात गिरिप्रेमी आहे, नाशिक, ठाणे, कोल्हापूर या भागांतही जुनी मंडळी नेमाने कातळावर जातात. बेलापूरच्या टेकड्यांतले बोल्डर आणि मुंब्र्याचा कातळ यांवर मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी हात घासले आहेत. २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगच्या विश्वचषक मालिकेची फेरी नवी मुंबईत झाली, तिच्यामागेही याच मातीत रुजलेली हौस होती.

जवळ कृत्रिम भिंत असेल तर तिथून सुरुवात करा, आठवड्यातून दोनदा जा. भिंतीवर चुका स्वस्तात होतात. भिंत नसेल तर संस्थेच्या माणसांबरोबर बोल्डरवर जा. बोल्डरिंगमध्ये उंची साधारण तीन ते साडेचार मीटर, खाली जाड गादी म्हणजे क्रॅश पॅड, दोर नाही, गाठी नाहीत. सगळं लक्ष हालचालीवर राहतं.

सुरुवात करू नये ती थेट सुळक्यावर. लिंगाणा, वजीर, वानरलिंगी या सुळक्यांचे शनिवार-रविवारचे ‘इव्हेंट’ हल्ली सहज मिळतात. आधी लावलेल्या दोराला तुम्हाला अडकवतात, दोर वरून ताणलेला असतो, जमेल तसं ओढत-ढकलत तुम्ही वर जाता, फोटो निघतो. वाईट काहीच नाही त्यात, पण चढणं शिकलं जात नाही. उंची एवढी अंगावर येते की पाय कुठे ठेवले हे आठवतही नाही, आणि पुष्कळांच्या मनात कातळाची पहिली ओळख म्हणजे थरथरणारे गुडघे अशीच राहते. सुळके कुठे जात नाहीत. वर्षभराने गेलात तर तोच वजीर तुम्हाला भरभरून देईल.

शिकवणारा निवडताना भीड ठेवू नका. दोर कधी घेतला, मागच्या वेळी कोणी तपासला? बिले कोण देणार, म्हणजे चढणाऱ्याचा दोर कोण सांभाळणार, आणि त्याला किती अनुभव आहे? हेल्मेट प्रत्येकाला आहे का? कोणाला लागलं तर जवळचं रुग्णालय कोणतं आणि तिथपर्यंत न्यायचं कसं? चांगल्या माणसाला हे प्रश्न आवडतात. जो ‘काही होत नाही, आम्ही आहोत ना’ म्हणतो त्याच्याबरोबर जाऊ नका.

पाय: पहिले दोन-तीन महिने यातच घालवा

नवखा माणूस हातांनी चढतो. वर बघतो, मोठा होल्ड, म्हणजे हात-पाय रोवायची जागा, शोधतो, तो गच्च पकडतो आणि स्वतःला ओढतो. दहा मिनिटांत कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू दगडासारखे घट्ट होतात, बोटं उघडत नाहीत, आणि ‘माझ्या हातांत ताकदच नाही’ असा निष्कर्ष निघतो. ताकदीचा प्रश्न क्वचित असतो. शिडी चढताना आपण हातांवर लोंबकळत नाही, पायांवर उभे राहतो. कातळावरही मांड्यांनी उचलायचं आणि हातांनी तोल सांभाळायचा.

पाय ठेवताना चवडा आडवा टाकायचा नाही. बुटाचं टोक, नेमकं सांगायचं तर अंगठ्याच्या बाजूची आतली कड, होल्डवर यायला हवी. टाच थोडी खाली. पाय टेकेपर्यंत नजर पायावरून हलवायची नाही. बहुतेक जण पाय टेकायच्या आधीच वर बघायला लागतात आणि शेवटचे दोन इंच आंधळे जातात. तिथेच पाय घसरतो.

जिथे कडच नाही, नुसता तिरपा गुळगुळीत उतार आहे, अशा स्लॅबवर तंत्र बदलतं. तिथे बुटाचं जास्तीत जास्त रबर कातळाला लावायचं आणि टाच खाली सोडायची. वजन पायावर सरळ खाली जायला हवं, म्हणजे कंबर कातळापासून जराशी बाहेर. घाबरलेलं शरीर याच्या उलट करतं, कातळाला पोटाने चिकटतं. चिकटलं की पायांवरचा दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की रबर घसरतं. उभ्या किंवा अंगावर येणाऱ्या भिंतीवर मात्र कंबर आत हवी. एक कूस भिंतीकडे वळवून उभं राहिलं की हात लांब पोचतो आणि बोटांवरचा भार हलका होतो.

सरावासाठी काही साध्या गोष्टी सांगतो. अगदी सोपा मार्ग घ्या आणि पायांचा आवाज न करता चढा. बुट भिंतीवर आपटला तर पुन्हा खालून सुरू. दुसरं, जमिनीपासून फूट-दीड फुटावर आडवं चाला. यालाच ट्रॅव्हर्स म्हणतात, आणि पडायची भीती नसल्यामुळे पायांचा अभ्यास इथेच सर्वांत चांगला होतो. तिसरं, हलका उतार असलेला बोल्डर शोधून हात न लावता किंवा नुसता तळवा टेकवून चढा. चौथं सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं पण मला सर्वांत मोलाचं वाटतं: जो मार्ग जमला तोच लगेच पुन्हा चढा, मग आणखी एकदा. पहिल्या वेळी फक्त वर पोचायचं असतं. दुसऱ्या वेळी कुठे उगाच जोर लावला ते कळतं. तिसऱ्या वेळी हात सरळ राहतात, श्वास चालू राहतो, आणि मध्येच एखाद्या हालचालीला ‘अरे, हे छान आहे’ असं वाटून जातं. तो क्षण चुकवू नका. त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

एक प्रसंग जवळून बघा. मुंब्र्याच्या स्लॅबवर एक मुलगी मध्यावर अडकलेली आहे. दोन्ही हात चांगल्या कपारीत, उजवा पाय भक्कम, डावा हवेत फिरतोय. खाली शिकवणारी ताई उभी आहे.

“ताई, पायाला काहीच नाही इथे!”

“आहे. डाव्या गुडघ्याच्या खाली, वीतभर बाहेर बघ. काळ्यावर पांढरा ठिपका.”

“हा? यावर कसला पाय राहतोय!”

“राहतो. ठेव, टाच खाली कर, आणि ठेवलास की त्यावर विश्वासाने उभी राहा. अर्धवट वजन दिलंस तर मात्र घसरेल.”

तो ठिपका हरभऱ्याच्या डाळीएवढा आहे. ती पाय ठेवते, उचलते, पुन्हा ठेवते. मग उजव्या पायावरचं वजन हळूहळू डाव्याकडे सरकतं, कंबर त्याच्यावर येते आणि ती उभी राहते. ‘अर्धवट वजन दिलं तर घसरेल’ हे वाक्य तिथे उपदेश म्हणून नव्हतं. ते घर्षणाचं साधं गणित आहे. जितका दाब, तितकी पकड.

हात, बोटं आणि कातडी

हात शक्यतो सरळ ठेवा. वाकवलेल्या हातावर लोंबकळलं की स्नायू जळतात, सरळ हातावर भार हाडांवर जातो. होल्ड जेवढा लागेल तेवढाच दाबा. आणि कातळावर मोकळी जागा सापडली की तिथे थांबून एकेक हात खाली सोडून झटका.

बोटांची गोष्ट गांभीर्याने घ्या. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, पण स्नायुबंध आणि ते बोटात जागेवर धरून ठेवणारी कडी यांना महिने, कधी वर्षं लागतात, कारण त्यांना रक्तपुरवठा कमी असतो. त्यामुळे तीन-चार महिन्यांनी अंगात जोर आलेला असतो आणि बोटं मागे राहिलेली असतात. दुखापती नेमक्या तेव्हाच होतात. छोट्या कडेवर बोटं दुमडून वरून अंगठा दाबायची जी पकड आहे तिच्यात या कड्यांवर सर्वांत जास्त ताण येतो. सुरुवातीला बोटं मोकळी ठेवून धरायची सवय लावा. लाकडी फळीवर लटकून बोटं कमावायचा व्यायाम पहिलं वर्षभर तरी करू नका. वाढत्या वयाच्या मुलांना तर तो देऊच नये. सलग दोन दिवस जोरात चढू नका, मध्ये एक दिवस सुट्टी हवी.

नखं कापलेली असावीत. अंगठी, कडं, बांगड्या, गळ्यातली साखळी किंवा मंगळसूत्र, मनगटावरचा जाड गंडा, सगळं उतरवून ठेवा. अंगठी कपारीत अडकून पाय सुटला तर बोटाची कातडी सोलून निघते. लांब केस घट्ट बांधा, बिले देतानाही, कारण ते उपकरणात ओढले जातात.

पडायचं शिकणं

भीती जावी म्हणून लोक धीर गोळा करतात. त्याऐवजी पडायचा सराव करा, तो जास्त उपयोगी आहे.

बोल्डरवर आधी गुडघ्याएवढ्या उंचीवरून, मग कंबरेएवढ्या उंचीवरून गादीवर उतरा. दोन्ही पाय एकदम टेकवायचे, गुडघे वाकवायचे, आणि तसंच मागे बसून पाठीवर लोळायचं. हात छातीशी. मागे हात टेकवून स्वतःला सावरायची ऊर्मी प्रत्येकाला येते आणि मनगटं त्यातच मोडतात. गादीच्या काठावर पाय पडला तर घोटा मुरगळतो, म्हणून चढायच्या आधी गादी कुठे आहे ते बघा. खाली उभ्या असलेल्या मित्राचं काम तुम्हाला झेलायचं नाही. तुमचं डोकं आणि पाठ गादीकडे वळवायची, एवढंच.

दोरावर हा सराव वेगळा होतो. टॉप रोप म्हणजे वरच्या आधारातून फिरवून आणलेला दोर लावून चार-पाच मीटर वर जा, बिले देणाऱ्याला म्हणजे बिलेयरला ‘टेक’ (दोर ताणून धर) म्हणा आणि दोरात बसा. हात सोडा, पाय भिंतीला लावून मागे झुका. दोन-चार वेळा बसलात की शरीराला कळतं की हे धरून ठेवतं. मग न सांगता हात सोडा. बिलेयरला या सरावाची कल्पना आधी दिलेली असावी आणि तो जाणता असावा.

भीती पूर्ण जात नाही, जाऊही नये. तिच्यात दोन भाग असतात. एक खरा: इथे पडलो तर लागेल का? दुसरा नुसता उंचीचा. अडकलात की एक श्वास सोडून स्वतःला पहिला प्रश्न विचारा. गाठ बघितली, दोर वर आहे, खाली आदळेन असा कातळाचा टप्पा नाही, मग पडलो तर काय, अर्धा मीटर खाली येईन. उत्तर मिळालं की चढत राहा. उत्तर ‘हो, लागेल’ असं आलं तर उतरा. त्यात लाज नाही. ज्यांना वीस-पंचवीस वर्षं चढताना बघतो आहे ते सगळे न लाजता उतरणारे आहेत.

दोर, गाठ, बिले

गादीवरून दोराकडे आलात की चढणारा आणि बिलेयर अशी जोडी होते. या जोडीतलं नातं हेच या खेळाचं दुसरं आकर्षण. पण ते नातं शिस्तीवर उभं राहतं.

हार्नेस म्हणजे कंबर-मांड्यांभोवतीचा पट्टा; त्याला दोर बांधायला आठाची गाठ. हातभर दोर सोडून आठ घाला, टोक हार्नेसच्या खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही कड्यांतून घ्या, मग पहिल्या आठाच्या मागोमाग तो दोर परत फिरवा. चारही पदर एकेक करून ओढून घट्ट करा. गाठीत समांतर दोरांच्या पाच जोड्या दिसायला हव्यात आणि शेपूट किमान वीतभर उरायला हवं. गाठ बांधताना गप्पा मारू नका आणि कोणी बांधत असेल तर त्याला हाक मारू नका. अर्धी गाठ बांधून बोलण्यात रमणं ही अनुभवी लोकांच्याही अपघातांमागची कारणं शोधताना वारंवार सापडणारी गोष्ट आहे.

बिले देताना एक हात कायम ब्रेकच्या दोरावर. ट्यूबसारखं साधं उपकरण असो वा स्वतः अडकणारं, हा नियम बदलत नाही. वरचा हात दोर आत घेतो, खालचा ओढून मांडीकडे नेतो, मग वरचा हात ब्रेक हाताच्या खाली येऊन दोर धरतो आणि ब्रेकचा हात दोर न सोडता वर सरकतो. हे इतक्या वेळा करा की नजर पूर्णवेळ चढणाऱ्यावर राहील. शिकताना मागे एका जाणत्या माणसाने दोराची शेपटी धरून उभं राहावं.

प्रत्येक चढाईआधी दोघांनी एकमेकांना तपासायचं. हार्नेसचे बकल, गाठ, बिले उपकरणात दोर बरोबर बाजूने गेला आहे का, कॅराबिनरचा म्हणजे धातूच्या उघडमिटीच्या कडीचा स्क्रू लावला आहे का, दोराच्या दुसऱ्या टोकाला गाठ आहे का. हात लावून तपासा, लांबून बघू नका. समोरचा संस्थेतला सर्वांत ज्येष्ठ काका असला तरी तपासा. काका चिडले तर दुसऱ्या काकांबरोबर चढा.

एक गोष्ट शिकवताना अनेकदा राहून जाते. चढाईचा दोर मुद्दाम ताणणारा असतो, नुसत्या शरीराच्या वजनानेही तो सात-आठ टक्के ताणला जाऊ शकतो. पंधरा मीटर उंच मार्गावर टॉप रोप लावला की सुरुवातीला वर आणि खाली मिळून तीस मीटर दोर मध्ये असतो. म्हणजे दोन मीटरवर पाय सुटला तर दोर ताणला जाऊन माणूस जमिनीला टेकू शकतो. म्हणून पहिले तीन-चार मीटर दोर घट्ट ठेवायचा, आणि वर गेल्यावर सैल करायचा.

हाका थोड्या आणि ठरलेल्या असाव्यात. ‘ऑन बिले’ (दोर धरलाय), ‘क्लाइंबिंग’ (चढतोय), ‘स्लॅक’ (दोर सैल सोड), ‘टेक’. वरून दगड सुटला तर ‘दगड!’ म्हणून जिवाच्या आकांताने ओरडायचं, आणि खालच्याने वर न बघता कातळाला चिकटायचं.

काय विकत घ्यायचं, कोणत्या क्रमाने

पहिले दोन महिने काहीही घेऊ नका, बहुतेक संस्था आणि भिंती साहित्य देतात. मग सर्वांत आधी बूट. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या चढाया साध्या कॅनव्हासच्या बुटांत झाल्या आहेत, तरीही पायांचं तंत्र शिकायला चढाईचे घट्ट रबरी बूट फार मदत करतात. अंगठा पुढे टेकलेला असावा, किंचित वाकलेला चालेल, वेदना होता कामा नये. पहिल्या जोडीसाठी सपाट तळाचे, मऊसर बूट घ्या.

त्यानंतर हेल्मेट, मग हार्नेस, बिले उपकरण आणि एक स्क्रू कॅराबिनर. चढाईचं हेल्मेट म्हणजे सायकलचं किंवा बांधकामावरचं नव्हे. प्रत्येक वस्तूवर यूआयएए (आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघ) किंवा सीई (युरोपीय सुरक्षा खूण) आणि त्या वस्तूचा ईएन म्हणजे युरोपीय मानकाचा क्रमांक असावा: दोराला ईएन ८९२, हार्नेसला ईएन १२२७७, हेल्मेटला ईएन १२४९२. कॅराबिनरवर कोरलेले आकडे वाचायला शिका. लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने दोन टनांचा भार, आणि आडवा पडला किंवा गेट उघडं राहिलं तर साधारण ७. म्हणूनच तो नेहमी सरळ आणि बंद हवा.

स्वतःचा दोर शेवटी. जुना, इतिहास माहीत नसलेला दोर किंवा हार्नेस कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. बॅटरीचं ॲसिड, ऊन, दगडाची धार यांनी झालेलं नुकसान डोळ्यांना दिसेलच असं नाही.

सह्याद्रीचा कातळ ओळखणं

भिंतीवरून बाहेर पडलात की कातळाचा स्वभाव कळायला हवा. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला आहे. काही थर घट्ट, काळे, ठणठणीत. त्यांवर बारीक पण भरवशाच्या कडा मिळतात. काही थरांत वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या आहेत, त्यांत पांढरी खनिजं भरलेली असतात. हा कातळ लवकर झिजतो, हातात येतो. दोन थरांमध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टा असतो, तिथे आधारासाठी ठोकलेली मेख किंवा बोल्टसुद्धा भरवशाचा राहत नाही. तैलबैलाच्या दोन भिंती वेगळ्याच: भेगेतून वर आलेला लाव्हा उभा थिजला, आजूबाजूचा कातळ झिजून गेला आणि त्या उरल्या. हे ओळखू लागलात की खालूनच मार्ग वाचता येतो. कुठे वेगाने जायचं, कुठे हलक्या हाताने.

संशय आलेला होल्ड मुठीने ठोका. पोकळ, डबडब आवाज आला तर सोडा. वापरायचाच असेल तर खाली दाबा, बाहेर ओढू नका. गवताचे गड्डे कधीच धरू नका. दोराखाली कोणी उभं राहणार नाही याची काळजी घ्या, कारण वरून आलेला छोटा दगडही जिवावर बेतू शकतो. हेल्मेट चढणाऱ्याइतकंच बिलेयरलाही लागतं.

हंगाम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं आणि मातीच्या कपारी पाऊस थांबल्यावरही ओल्या राहतात. मार्चनंतर काळा कातळ सकाळी दहालाच हाताला चटके देतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतींना दुपारपर्यंत सावली मिळते, हे मार्ग निवडताना लक्षात ठेवा. प्रत्येकी तीन लिटर पाणी लागतंच.

आग्या मोहोळांबद्दल सर्वांत कडक नियम: भिंतीवर मोहोळ दिसलं की त्या दिवशी त्या भिंतीवर जायचं नाही. दुर्बीण असेल तर आधी कडा नीट बघा, गावात विचारा. अत्तर, डिओ लावू नका, खाली धूर करू नका, आरडाओरडा नको. दोरावर अडकलेल्या माणसाला पळता येत नाही.

गावकऱ्यांशी बोलून, देवस्थानाचा मान राखून चढा. अनेक सुळक्यांच्या पायथ्याशी ग्रामदैवत असतं. लेणी आणि किल्ल्यांचं बांधकाम यांवर चढू नका, आणि परवानगीशिवाय एकही बोल्ट ठोकू नका. चढून झाल्यावर हाताला लावायच्या चॉकच्या भुकटीचे पांढरे डाग ब्रशने पुसून टाका.

मधला कंटाळवाणा काळ

पहिल्या चार-सहा महिन्यांत प्रगती भराभर होते. मग थांबते. पुष्कळ जण इथेच सोडून देतात. या काळात दोन गोष्टी मी आवर्जून सांगतो.

एक म्हणजे एकच अवघड मार्ग निवडा आणि त्याच्या मागे लागा. आज जमणार नाही, महिन्यानेही कदाचित नाही, असा. एकेक हालचाल सुटी करून सोडवा. वहीत लिहा: कुठे पडलो, डावा पाय कुठे होता, पुढच्या वेळी काय करून बघायचं. एखाद्या कातळाचे सात-आठ होल्ड रात्री डोळे मिटून क्रमाने आठवायला लागले की समजा, ओढ लागली.

दुसरं, श्रेणीचे आकडे बाजूला ठेवा. फ्रेंच पद्धतीत ५, ६ए, ६बी असे आकडे असतात, बोल्डरला व्ही ०, व्ही १, सह्याद्रीत आपली सोपी-मध्यम-अवघड. मार्ग निवडायला ते हवेतच. पण आपल्यापेक्षा कमी आकड्यावर अडकलेल्या माणसाकडून शिकण्यासारखं खूप असतं. एखादी बुटकी मुलगी जिथे पोचत नाही तिथे ती पाय उंच घेऊन वेगळाच मार्ग काढते, आणि सहा फुटी माणूस त्याच जागी हात लांबवून अडकतो. टोकियो आणि पॅरिस अशा दोन्ही ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेल्या स्लोव्हेनियाच्या यान्या गार्नब्रेटच्या चढाया बघा. बघताना हातांकडे नव्हे, पायांकडे बघा.

चाळिशीत सुरुवात करता येते का, असं खूप जण विचारतात. येते. अंग तापवायला दुप्पट वेळ द्या, विश्रांतीचे दिवस वाढवा, आणि बोल्डरवरून उड्या मारण्यापेक्षा उतरत खाली या.

पुढची पायरी: लीड आणि सुळके

टॉप रोपवर निवांत चढू लागलात, बिले अंगवळणी पडला, गाठी डोळे मिटून येतात, मग लीड शिका. लीड म्हणजे दोर खालून घेऊन जाणं आणि वाटेत बोल्टमध्ये क्विकड्रॉ (दोन कॅराबिनर जोडलेली पट्टी) लावून त्यात दोर अडकवत जाणं. शेवटच्या क्विकड्रॉच्या वर दोन मीटर असताना पडलात तर किमान चार मीटर खाली येता, शिवाय दोराचा ताण वेगळा. त्यामुळे आधी टॉप रोप ठेवूनच, दुसरा दोर मागे घेऊन, क्लिप करायचा सराव करा. दोर पायाच्या मागून गेला तर पडताना माणूस उलटा होतो, हे जमिनीवर उभं राहून समजून घ्या. मार्ग तुमच्या टॉप रोपच्या क्षमतेपेक्षा दोन श्रेणी सोपा घ्या.

नियमित बोल्ट असलेले सोपे मार्ग एका जागी हवे असतील तर कर्नाटकातलं बदामी महाराष्ट्रातून जवळ आहे. वालुकाश्म आहे, होल्ड उदार आहेत, पण पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस तरी चढू नका, ओला वालुकाश्म तुटतो. बोल्डरिंगसाठी हंपीचा ग्रॅनाइट, फक्त बोटांची कातडी जपा. हिमालयाकडे ओढा असेल तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या किंवा दार्जिलिंगच्या हिमालयन गिर्यारोहण संस्थेच्या प्राथमिक अभ्यासक्रमात प्रस्तरारोहणाचा भाग असतो. जागा लवकर भरतात, अर्ज बरेच महिने आधी करावा.

सुळक्यांवर जायचं तर आधी सेकंड म्हणून जा. लीड करणारा जे साहित्य लावत जातो ते काढत वर जायचं काम सेकंडचं असतं आणि अँकर म्हणजे कातळातला मुख्य आधार कसा बांधतात हे त्यातच जवळून दिसतं. किमान दोन स्वतंत्र आधार, त्यांतला एक सुटला तरी दुसऱ्याला झटका बसू नये अशी रचना, जुन्या गंजलेल्या मेखेवर एकटीवर कधीही भार नाही. रॅपलिंग म्हणजे दोरावरून खाली उतरणं सोपं वाटतं पण तिथे सगळा भार सतत अँकरवर असतो, म्हणून दोराच्या दोन्ही टोकांना गाठी, प्रुसिक या दोराला आवळणाऱ्या गाठीचा जादा आधार, आणि वरच्या अँकरपासून स्वतःला सोडवण्याआधी रॅपलच्या उपकरणावर पूर्ण वजन देऊन बघणं, या तीन गोष्टी एकदाही वगळू नका. पहिल्या सुळक्यासाठी जाणाऱ्या गटात चारापेक्षा जास्त माणसं नकोत. सूर्योदयाला पायथ्याशी असा, दुपारी दोनला कुठेही असलात तरी उतरायला लागा, आणि गावात कोणाच्या तरी घरी परतायची वेळ सांगून ठेवा.